राक्षसाला तमिळ येत नाही

पुण्यात नोकरीला होते तेव्हा ऑफिसातल्या मित्रमंडळींबरोबर मी हा खेळ शिकले. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण गोष्ट सांगतो: तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर हे असं आहे, आता काय करणार? बाकीचे आपापलं पात्र घेऊन उत्तर देतात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मी कायम उत्तर देणाऱ्यांत. तंजावरला परतल्यावर खेळायला कुणी उरलंच नाही, तेव्हा म्हटलं, गोष्ट सांगणारी आपणच होऊ.

खेळाडू घरातलेच मिळाले. आई, शाळेतून निवृत्त झालेली, भूगोल शिकवायची. माझी मामेबहीण, पापनाशमला वाढलेली, आता तिरुवैयारूत एका औषधाच्या दुकानात कामाला. आणि तिचा नवरा, व्हायोलिन शिकवणारा, पक्का तमिळ. त्याच्यासाठी खेळ तमिळमध्येच ठरला. बहिणीला आमची घरातली तंजावरी मराठी सगळी समजते, पण बोलत नाही. आईने मराठीत विचारायचं, हिने तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असंच वर्षानुवर्षं चाललेलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टेबल रिकामं केलं. माझी तयारी दांडगी होती. नदीला पाणी आहे, पण कालव्याच्या दारावर राक्षस बसल्यामुळे गावाला थेंब नाही. दार उघडायची किल्ली एका पडक्या देवळाच्या तळघरात. तळघराचा नकाशा मी रंगवला होता. सापळे, वटवाघळं, सगळं. आई वैद्य झाली, बहीण तलवारवाली, नवरा चोर.

"तुम्ही देवळापाशी पोचता," मी सुरुवात केली.

"मी नाही जात," चोर म्हणाला. "राक्षस दारावर आहे ना? मग देवळात कशाला? मी होडी चोरतो."

"होडी?"

"नदी आहे म्हणालात, अक्का. म्हणजे होडी असणार."

आई आणि बहीण लगेच होडीत चढल्या. माझं तळघर तिथेच राहिलं! "कॉफी ठेवते," म्हणत मी स्वयंपाकघरात पळाले आणि दूध तापेपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिले. राक्षसाबद्दल मी फक्त त्याची ताकद लिहून ठेवली होती. तो बोलेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

कॉफी घेऊन आले तर तिघं टेबलावर वाकून बसलेली, माझीच वाट बघत. काय तो आनंद! मी खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागले. होडी दारापाशी गेली, पाणी काळं झालं, दारावरची शेवाळलेली शिळा हलली आणि तिने डोळे उघडले.

"त्यास विचार, भाषा कोणती बोलतो," आई म्हणाली.

मला काय सुचलं कोण जाणे. "मराठी. फक्त मराठी."

"हा अन्याय आहे!" आमचा चोर जावई ओरडला आणि भाषा येत नाही तर येत नाही, म्हणून त्याने सरळ राक्षसाच्या पाठीवर उडी मारली. फासा पडला, दोन. चोर नदीत. आईने क्षणाचा विचार न करता त्याच्यामागे उडी घेतली. तिला चांगला आकडा पडला, तिने त्याला काठावर ओढलं आणि पोटातलं पाणी काढायला बसली. होडीत उरली एकटी माझी बहीण. समोर राक्षस.

तिने तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी मान हलवली. "राक्षसाला तमिळ येत नाही."

"अक्का, प्लीज."

"अक्का कोण? मी राक्षस."

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी काठावर आहे. मज ऐकू येत नाही."

मग बहीण टेबलाची कड धरून म्हणाली, "तू... इथे का बसला?"

मराठीत! मी आवाज जमेल तितका जाड केला. "दार उघडलं की पाणी गर्जतं. मला झोप येत नाही." हेही मला त्याच क्षणी कळलं होतं.

ती विचारात पडली. आणि एकदम सुटलीच. "माझा घर... माझं घर रेल्वेच्या बाजूला होतं. पापनाशमला. गाडी गेली की भांडी हलत होती. आधी झोप नाही आली. मग सवय झाली. मग काय झालं माहीत आहे? एक दिवस गाडी नाही आली, तर कुणाला झोप नाही आली! आप्पा उठून बसले!" शब्द अडला की ती हात हलवायची, पण तमिळकडे वळली नाही. नवरा तिच्याकडे असा पाहत होता, जणू तिने त्याच्याच व्हायोलिनवर काही न ऐकलेलं वाजवायला घेतलंय.

"टाक फासा," मी म्हणाले. "बारा हवेत."

फासा टेबलावरून उडून कपाटाखाली गेला. आम्ही चौघं जमिनीवर पालथे पडलो, मोबाइलचा टॉर्च लावला. चार.

"अय्यय्यो! परत टाकू दे!" जावई माझ्या दंडाला धरून विनवू लागला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी तो सगळ्यात जास्त भांडला. मला चारचे बारा करता आले असते. पण तसंच पालथं पडल्या पडल्या त्याहून चांगलं सुचलं.

"राक्षसाला पटत नाही," मी म्हणाले. "पण तो म्हणतो, दार उघडतो. मात्र तू इथे माझ्याशेजारी राहायचं आणि या आवाजात झोपून दाखवायचं. तुला झोप लागली नाही, तर दार कायमचं बंद."

बहिणीने टाळ्याच वाजवल्या. "राहते!" ती म्हणाली. "मी राहते!" कालव्यात पाणी सुटलं. आई इतक्या मोठ्याने हसली की खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामी काय झालं म्हणून विचारायला वर आल्या.

स्कूटरवर बसतानाही जावई विचारत होता, ती राक्षसाला नक्की काय म्हणाली, आणि ती सांगत नव्हती.

बुधवारी दुकानातून तिचा मेसेज आला. देवनागरी तिला येत नाही, म्हणून तमिळ लिपीत लिहिलेला, पण शब्द सगळे मराठी: राक्षस रात्री काय जेवतो? मी काय घेऊन जाऊ?

मी आईला वाचून दाखवला. आई भाजी चिरता चिरता थांबली आणि आम्ही दोघी राक्षसाच्या जेवणावरून भांडू लागलो.