तुडीलच्या कार्यक्रमातला पंचम

माझी सून बेस गिटार वाजवते. ठाण्याला नोकरी करते आणि शनिवार-रविवारी चार मित्रमैत्रिणींबरोबर तिचा सराव चालतो. लग्नानंतर ती पहिल्यांदा वीर स्टेशनवरून रिक्षाने महाडला आली, तेव्हा गिटारचं लांब खोकं रिक्षातून हातभर बाहेर आलं होतं. मी दारातच उभा होतो. ते खोकं पाहिलं आणि एक शब्दही न बोलता आत गेलो. सासऱ्यांना हे पसंत नाही, अशी घरात सगळ्यांची समजूत झाली. बायकोने मला स्वयंपाकघरात गाठून चार शब्द सुनावले. मी ती समजूत तशीच राहू दिली. खरं कारण सांगायचं तर चाळीस वर्षांपूर्वीचं सांगावं लागलं असतं. ते आता सांगतो.

मी तेव्हा महाडला शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रात पेटी वाजवत होतो. बाजारपेठेतले एक दुकानदार ऑर्केस्ट्राचे प्रमुख होते. बेस गिटार वाजवणारा पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला होता. घरी भात-नाचणीची शेती, थोरला भाऊ मुंबईला. भावानेच त्याला जुनी गिटार आणून दिली होती. शिकवणारं कोणी नव्हतं, रेडिओ ऐकून तो शिकला. सरावाला यायचा तेव्हा गिटार घोंगडीत गुंडाळलेली असायची. वाडीतून चालत पोलादपूर, तिथून एस.टी.ने महाड. तो कधी उशिरा आल्याचं मला आठवत नाही.

आमच्यात एक रीत होती, ती सांगितली पाहिजे. बाकीची वाद्यं जागच्या जागी सुरात लावता येतात, पेटी येत नाही. म्हणून सगळे पेटीवरून सूर घेत. पेटी चुकीची आहे असं म्हणायची सोयच नव्हती. त्यात मी मास्तर.

तुडीलच्या शाळेच्या वर्धापनदिनाला आमचा दुपारचा कार्यक्रम होता. सकाळी पेटी काढली तर पंचम किंचित चढलेला वाटला. पेटीच्या आत प्रत्येक सुराची पितळी पट्टी असते. ती टोकाशी घासली तर सूर चढतो, बुंध्याशी घासली तर उतरतो. हे काम पेटी बनवणाऱ्याचं. मी दाढीचं ब्लेड घेऊन बसलो आणि बुंध्याशी जरा जास्त घासलं. सूर उतरला तो नको तितका उतरला. तेवढ्यात टेम्पो दाराशी आला. मी पेटी बंद केली आणि निघालो.

पहिल्याच गाण्यात पंचमावर पेटी आणि बेस एकमेकांवर घासायला लागले. बेसवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि खुंटी पिळली. पंचम जुळला, बाकीचे सूर गेले. पुन्हा पिळली. तीन गाणी तो खुंट्याच पिळत होता. चौथ्याला गाणारी बाई थांबली. प्रमुखांनी वाकून मला विचारलं, कोण चुकतंय. माझ्यासमोरचा माईक चालू होता.

मी म्हणालो, "बेस. कान कच्चा आहे त्याचा."

ते सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. लोक हसले. तुडील ही त्याची सासुरवाडी होती, हे मला माहीत होतं. त्याने गिटारची वायर काढली, घोंगडी घेतली आणि मागच्या बाजूने उतरून गेला. पुन्हा सरावाला आला नाही. त्याच आठवड्यात मी पेटी गुपचूप कारागिराकडे नेऊन पंचम दुरुस्त करून आणला. पुढचा कार्यक्रम सुरेल झाला. प्रमुख म्हणाले, बघा मास्तर, एक माणूस गेला आणि सूर सुधारला. मी मान डोलावली. जे बोललो त्याच्याइतकंच हे मान डोलावणं मला छळत आलं आहे.

सून वर्षातून तीन-चारदा येते. येताना गिटारबरोबर टॅब्लेट आणते. मला काही शिकवावं असा तिचा हेतू नसायचा, ती आपली ओसरीवर सराव करत बसायची. मीच हळूहळू जवळ सरकलो. एक अ‍ॅप सूर लावायचं. तार छेडली की पडद्यावर सुराचं नाव येतं, काटा डावीकडे असला तर सूर उतरलेला, उजवीकडे असला तर चढलेला, मधोमध आला की हिरवा होतो. एक ठेका धरणारं. एकात गाण्यांची पानं ठेवलेली, ती पायाने बटण दाबून उलटायची. माझ्या भजनाच्या वहीतली अक्षरं मला आता दिसत नाहीत, तर तिने त्या वहीचे फोटो काढून त्यात घातले, बोटभर मोठे. तानपुऱ्याचंही एक दिलं. सकाळी त्याच्यापुढे बसायची मला सवय लागली. या वयात असा न चुकणारा सोबती मिळेल असं वाटलं नव्हतं.

मग तिने एक अ‍ॅप दाखवलं, ते झालेल्या गाण्यातून वाद्यं वेगळी काढतं. गळा कमी करा, ढोलक कमी करा, एकटा बेस ऐका. तिने विचारलं, तुमच्या ऑर्केस्ट्राचं काही रेकॉर्डिंग आहे का. मी नाही म्हणालो. बायको आतून म्हणाली, माळ्यावर कॅसेट आहेत की, पुरातसुद्धा वाचल्या.

त्यात तुडीलची होती. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा प्रमुखांनी ती मला दिली होती. मी ती कधी लावली नव्हती आणि टाकूनही दिली नव्हती. सुनेने ती ठाण्याला नेऊन टॅब्लेटवर घेतली आणि पुढच्या खेपेला माझ्याशेजारी बसून लावली. आधी एकटा बेस. ती बराच वेळ ऐकत राहिली. म्हणाली, हे कोण, फार नेटकं वाजवतात, पण सारखं लावत का बसलेत. मग पेटी ऐकली, मग काटा लावून दोन्ही पुन्हा ऐकले.

"बाबा, पेटीचा पंचम खाली आहे."

मी म्हणालो, जुनी कॅसेट आहे, हळू फिरली असेल.

"कॅसेट हळू फिरली तर सगळंच उतरेल. एकटा पंचम कसा उतरेल?"

तेवढ्यात टॅब्लेटमधून माझाच तरुण आवाज आला, ते वाक्य आणि मागोमाग हसणं. तिने ते थांबवलं. मी म्हणालो, मला माहीत आहे, तेव्हाही माहीत होतं. मग ब्लेडपासून सगळं सांगितलं. तिने माझी समजूत घातली नाही. फक्त विचारलं, "ते आहेत अजून?"

ते होते. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पोलादपूरला गेली. तिथून आंबेनळी घाटाच्या रस्त्याने थोडं वर जाऊन आम्ही त्याच्या वाडीत पोचलो. तो अंगणात गुरांना बांधायचं दावं वळत बसला होता. मला ओळखलं, उठला, या मास्तर म्हणाला. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. ब्लेडचं सांगितलं, पेटी दुरुस्त करून आणल्याचं सांगितलं. चूक माझी होती आणि ती मला ठाऊक होती, एवढं सांगितलं. सुनेने त्याचा बेस एकटा लावला.

तो दावं हातात धरून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "परत लाव, पोरी."

तिने परत लावलं.

"मला वाटलं व्हतं तुम्ही म्हणता तेच खरं," तो मला म्हणाला. "तुम्हाला कळणार, मला काय कळतंय. आरतीला मी नुसते ओठ हलवतो, मास्तर. आजपावतर."

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, पोरांना निजवताना ह्यांनी कधी एक गाणं म्हटलं नाय, मला वाटायचं हा माणूसच कोरडा हाय. मग माझ्याकडे वळली.

"हितं सांगून काय उपयोग, मास्तर? ऐकलं ते तुडीलनं. मी तिथंच बसले व्हते, माझ्या आयशीच्या शेजारी."

"असू दे गो," तो म्हणाला.

"का असू दे?"

सुनेने सूर लावायचं अ‍ॅप उघडून टॅब्लेट त्याच्यापुढे बाजेवर ठेवला आणि गुणगुणून बघा म्हणाली. त्याने चष्मा लावलेला नव्हता. तिने फोनवर तानपुरा लावला. मग डोळे मिटून त्याने पंचम लावला. आवाज खरखरीत, वापरात नसलेला. लगेच थांबला.

"खाली हाय," तो म्हणाला.

मी पडद्याकडे पाहिलं. काटा डावीकडे होता. त्याने तो पाहिलेला नव्हता.

त्याने घसा खाकरला आणि पुन्हा लावला.

या वर्षी तुडीलच्या शाळेच्या वर्धापनदिनाला मी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. हे लिहिलेले कागदच माईकवर वाचणार आहे. त्याची बायको पुढच्या रांगेत बसणार आहे, तसं तिने कळवलं आहे. तो येईल की नाही, हे त्याने सांगितलेलं नाही.