नणंदेचे जाहीर आभार

आभार मानायचं खूळ आमच्या घरात आणलं ते सुनेनं. दिवाळीच्या तोंडावर तिच्या ऑफिसात कुणी शहाणी बाई दोन तास बोलून गेली, आणि आमची सून विद्यानगरच्या घरात एक काचेची बरणी मधोमध मांडून बसली. रोज प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची, आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं ते, आणि बरणीत टाकायची. बरणी माझी, लोणच्याची. न विचारता घेतली होती. तिच्याबद्दल माझे आभार कुणी मानले नाहीत.

आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी लिहिलं, 'चहा'. दुसऱ्या दिवशीही 'चहा'. सून म्हणाली, "बाबा, चहा ज्यांच्यामुळे मिळतो त्यांच्याबद्दल लिहा ना." हे बराच वेळ छताकडे बघत बसले आणि म्हणाले, "गॅसवाला?" माझ्या हातात झारा होता. कढईतल्या चकल्या करपल्या असत्या म्हणून हे वाचले.

खरं सांगायचं तर आमच्यात ही रीतच नाही. जेवण आवडलं तर माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो, नाही आवडलं तर 'बरं झालंय' म्हणतो. सासूबाईंनी माझं कौतुक जन्मात एकदाच केलं, तेही शेजारणीपाशी, मी घरात नाही असं समजून. घरच्या माणसाला 'धन्यवाद' म्हटलं तर तो आधी मागे वळून बघेल, कोण आलंय म्हणून.

बाहेर मात्र आभारप्रदर्शन हा माझा प्रांत. आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सव असो की कोजागिरी, शेवटी माइक माझ्याकडे येतो. प्रमुख पाहुण्यांचे, हॉल देणाऱ्यांचे, पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्यांचे, सगळ्यांचे मनःपूर्वक. मी उभी राहिले की लोक चपला शोधायला लागतात, ही गोष्ट वेगळी. पण माझं वाक्य कधी अडत नाही. बाकी हैदराबादेत जन्म गेल्यामुळे माझ्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' कुठेही घुसतात, पण आभार अगदी पुणेरी.

धनत्रयोदशीला सुनेनं नवं फर्मान काढलं. आता चिठ्ठ्या पुरे, आज प्रत्येकानं एका माणसाला मेसेज पाठवायचा. आपल्या आयुष्यात ज्यानं काही केलं, पण ज्याला आपण कधी बोललो नाही, असा माणूस. मी म्हटलं, कायकू? पण म्हणता म्हणता मला अक्का आठवली.

अक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली आणि एकुलती एक बहीण. मलकपेठेत राहते, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. नणंद-भावजयीचं जसं असायला हवं तसंच आमचं आहे. रोज सकाळी फोन, रोज एक खडाजंगी. पण माझ्या ऑपरेशननंतर मला हात वर करता येत नव्हते, तेव्हा ती रोज दोन बस बदलून यायची आणि माझे केस धुऊन द्यायची. डोळ्यात साबण गेला म्हणून मी तिच्यावर खेकसले होते, हे मला आठवतंय. चांगलं काही बोलल्याचं आठवत नाही.

आणि ह्या उन्हाळ्यात तिचे यजमान गेले. आमच्याकडे माणूस गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही, फराळ जवळच्यांनी न्यायचा. अक्काचे अनारसे दरवर्षी भाऊबीजेला आमच्याकडे यायचे, डबा भरून, जाळीदार, खसखस लावलेले. ह्या वर्षी ते येणार नव्हते. मला वाईट वाटत होतं, म्हणून मी बसले आणि लिहिलं:

'आदरणीय अक्का, गेली अनेक वर्षे आपण दिवाळीनिमित्त जे रुचकर अनारसे पाठवीत आलात, तसेच माझ्या आजारपणात जे अमूल्य सहकार्य केलेत, त्याबद्दल मी समस्त परिवाराच्या वतीने आपली मनःपूर्वक ऋणी आहे. धन्यवाद.'

वाचून माझं मलाच बरं वाटलं. सुनेला मराठी वाचायला वेळ लागतो, तिनं 'समस्त' पाशी अडखळून सोडून दिलं आणि अंगठा दाखवला. पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला नाही. अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, फोन नाही. दुपारी मीच केला.

"मेसेज मिळाला का?"

"मिळाला. छान लिहिलंस. तुझेही आभार."

मला वाटलं, चुकीचा नंबर लागला असेल, दुसरंच कुणी बोलतंय. मी विचारलं, भाऊबीजेला सकाळीच येताय ना, मुलाला गाडी घेऊन पाठवू का?

"नको. ह्या वर्षी राहू दे. गुडघे दुखतात."

तिचे गुडघे माझ्या लग्नाच्या आधीपासून दुखतात. त्याच गुडघ्यांनी ती दर भाऊबीजेला आमचे जिने चढून आली आहे आणि जिन्यांच्या नावानं शंख करत चढून आली आहे. मी ह्यांना सांगितलं, तुमच्या बहिणीचं काहीतरी बिनसलंय. हे म्हणाले, "बायकांच्या भानगडीत मी पडत नाही." जणू बहीण माझीच होती.

पाडव्याला मी ह्यांना ओवाळत होते. निरांजन हातात, हे पाटावर नव्या सदऱ्यात बसलेले, सून फोटो काढतेय. आणि एकदम लक्षात आलं, की आज पाडवा, आणि मलकपेठेत अक्काकडे ओवाळायला पाटावर कुणी नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. ह्यांना कुंकू जरा नाकावरच लागलं. ताम्हन खाली ठेवलं, फराळाचा डबा उचलला आणि ऑटोत बसले. हे मागून ओरडत होते, "अगं, ओवाळणी तर घे!" मी म्हटलं, बरणीत टाका.

अक्कानं दार उघडलं. इस्त्रीची साडी, केस चापून बसवलेले. "ये, बस," म्हणाली. बसायला सांगितलं मला! त्या घरात मी आजवर ओट्यापाशी उभी राहून स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलेली बाई. आज ट्रेमध्ये पाणी आलं. मग चहा आला, तो सोनेरी कडेच्या कपात. ते कप शोकेसमध्ये असतात, व्याही आले की निघतात.

मी डबा पुढे सरकवला. तिनं चकली घेतली, मोडली, एक तुकडा खाल्ला.

"छान झालीय. धन्यवाद."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत माझ्या चकलीला ती कधी छान म्हणाली नाही. कधी मोहन कमी, कधी भाजणी कच्ची, कधी 'आमच्या आईच्या हातची खायला हवी होतीस' असं, जणू काही सासू माझ्याकडे राहायला नव्हतीच. आणि आज धन्यवाद!

"अक्का, चकली वातड झालीय," मी म्हटलं. "मला माहितेय. म्हणा वातड झालीय."

"मी कशाला म्हणू? परक्याच्या पदार्थाला नावं ठेवू नयेत."

"परकं कोण?"

"तूच लिहिलंस की."

"मी कधी लिहिलं? मी तर चांगलं लिहिलं होतं!"

"हौ, फार चांगलं," ती म्हणाली. "समस्त परिवाराच्या वतीने. अगं, तुझं आभारप्रदर्शन मी पहिल्या रांगेत बसून ऐकत आलेय. आभार कधी मानतात ते मला कळत नाही? कार्यक्रम संपला की. तू माइक ठेवलास की लोक उठतात, खुर्च्या गोळा होतात, तो हॉलवाला दिवे घालवतो. मला वाटलं, झालं. ह्या वर्षी अनारसे नाहीत, माणूसही राहिला नाही, तर पद्धतशीर आभार मानून मोकळी झाली."

मी हातातला कप ट्रेमध्ये ठेवला.

"आई नाही, बाबा नाहीत," ती म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "भाऊ आहे, पण तो काय, चहा मिळाला की झालं त्याचं. माझं माहेर म्हणजे तुझं स्वयंपाकघर. ते तू बंद केलंस तर मी जायचं कुठे?"

मग मात्र मला रडू फुटलं. मी म्हटलं, "अहो अक्का, मला नीट बोलता येत नाही म्हणून लिहिलं. तुम्ही माझे केस धुतलेत, माझ्या सख्ख्या बहिणीनं नाही धुतले. तुमचा सकाळी फोन आला नाही की मला दिवसभर कुणाशी भांडावं कळत नाही. तुम्ही यायच्या नसाल तर मला दिवाळीच नको."

"मग हे लिहायचं होतंस."

"असं कुणी लिहितं का?"

"समस्त लिहितात, आणि हे लिहीत नाहीत," ती म्हणाली. "डबा बाजूला घे आधी. चकलीवर रडू नको, आधीच मीठ जास्त झालंय."

"जास्त झालंय?"

"खारट आहे, वातड आहे, आणि काटा म्हणून एकीला नाही. सोऱ्याची चकती उलटी बसवलीस का काय?"

काय बरं वाटलं म्हणून सांगू! कितीतरी दिवसांत कुणी माझ्याशी इतकं आपुलकीनं बोललं नव्हतं. ती दुसरी चकली खात होती आणि तिला नावं ठेवत होती, मी डोळे पुसत तिच्याशी वाद घालत होते, आणि सोनेरी कडेच्या कपातला चहा निवून गेला होता.

"चला," मी म्हटलं. "उद्यापर्यंत कशाला थांबायचं? दोन साड्या घ्या, गोळ्या घ्या, आत्ताच निघू. तोवर मी ऑटो बघते."

ती आत गेली आणि मी चपला घालायच्या आत बाहेर आली. हातात भरलेली पिशवी. साड्या, गोळ्यांचा डबा, वर घडी घातलेला टॉवेल.

"इतक्यात भरली?"

"वसुबारसेलाच भरून ठेवलीय."

"आणि माझा मेसेज आल्यावर रिकामी नाही केलीत?"

"दोनदा करायला घेतली." तिनं दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं. "मग म्हटलं, राहू दे. एवढं लिहून गप्प बसायची नाही, ती भांडायला येईलच. पण मेले, किती वाट बघायला लावलीस गं!"