आमच्या ओट्यावरचं व्यायामाचं इंग्रजी

त्या दिवशी सकाळी धुकं एवढं दाट होतं, की आमच्या पाड्यावरून हायवेचे ट्रक दिसत नव्हते, नुसते भोंगे ऐकू येत होते. नोटा बदलल्या, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. पेंढ्यावरून दव टपटप गळत होतं. त्या धुक्यातून स्कूटीवर व्यायामाच्या मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी आलं.

किस्से गोळा करायला कुणी मुद्दाम जात नाही. चिंचेखालचं अंगण सकाळी झाडा, दुपारी पुन्हा चिंचा पडलेल्या असतात. तसंच हे. आपण निवांत बसून वेचायचं.

मॅडम यायच्या जानकीसाठी. जानकी म्हणजे माझी बायको. भात झोडून झालं आणि तिला लकवा मारला. हात सुधारला, डावा पाय काही ऐकेना. डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्याच्या आत चालल्या तर चालल्या. नाहीतर खाट धरतील." ते ऐकून माझी झोप गेली. 

जानकीला एकटीला व्यायाम करायची लाज वाटायची. म्हणून मी आणि माझा दोस्त लाडक्या तिच्या बाजूला बसून हातपाय हलवायचो. शाळेची पायरी आम्ही कधी चढलो नाही. शिकलो ते ह्या ओट्यावर!

*

पहिल्याच दिवशी जानकीला धरून उभं केलं. मॅडमनी विचारलं, "आजी, बॅलन्स कसा आहे?"

जानकी म्हणाली, "ह्यांना विचारा. मोबाईल ह्यांच्याकडे असतो."

मी लगेच सांगितलं, "संपलाय. पोरगा वापीवरून टाकतो म्हणाला!"

*

मग मॅडम लाडक्याकडे वळल्या. "बाबा, तुमची पल्स बघू."

लाडक्याने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि आ वासला. तोंडात दात एकच, तोही हलता.

"बाबा, तोंड का उघडलंत?"

"पल्स पोलिओ ना? टाका दोन थेंब!"

मॅडमनी त्याचं मनगट धरून समजावलं, की पल्स म्हणजे ही नाडी, ती इथे असते. लाडक्याने स्वतःचं मनगट दोनदा दाबून बघितलं. मग म्हणाला, "मग इतकी वर्षं आमच्या नातवंडांच्या तोंडात काय शोधत होते?"

*

माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल, दुसऱ्यालाच हसतो.

वेट म्हणजे वजन, हे मॅडमनी मला पक्कं शिकवलं होतं. पुढे जानकीला शहरातल्या एका दवाखान्यात दाखवायला नेलं. खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "बाबा, वेट करा."

मी म्हटलं, आजारी ही, वजन माझं कशाला? पण मोठ्या ठिकाणी आपण वाद घालू नये. जानकीला बाकावर बसवलं, चपला काढल्या आणि कोपऱ्यातल्या काट्यावर जाऊन उभा राहिलो. उतरा असं कुणी सांगेना, म्हणून उतरलो नाही. पाय भरून आले. मागे बघतो तर माझ्यामागे रांग! मी उभा आहे म्हणजे काहीतरी मिळत असणार, असं लोकांना वाटलेलं.

शेवटी ती मुलगी बाहेर आली आणि ओरडली, "इथे काय चाललंय?"

रांगेतला शेवटचा माणूस म्हणाला, "केव्हाचे वेट करतोय, मॅडम!"

*

लाडक्याला मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पाणी कमी पिता. फ्लुइड वाढवा."

"फ्लुइड म्हणजे?"

"पातळ काहीतरी. ताजं, झाडावरचं असलं तर उत्तम."

मॅडमच्या मनात नारळपाणी. पण लाडक्याचा सगळा जन्म ताडावर चढण्यात गेलेला! पुढच्या मंगळवारी तो डुलत डुलत आला. "मॅडम, फ्लुइड वाढवलं! ताजं, झाडावरचं! घरात बायको शिव्या देते, तिला जरा तुमच्या तोंडून सांगा!"

*

एकदा मॅडमनी फार लांब शब्द काढला. लॉन्जेव्हिटी.

"लांब जिवती?" जानकीने विचारलं. "श्रावणात पोरांसाठी लावतात ती?"

"तसंच समजा, आजी. लांब आयुष्य. शंभर वर्षं!"

लाडक्या म्हणाला, "शंभर? मला एक दात कसा पुरायचा?"

आम्ही हसलो. जानकी हसली नाही. छपराकडे बघत म्हणाली, "खाटेवर पडून शंभर वर्षं कुणाला पाहिजेत, बाय?"



*

होळी झाली, ऊन तापलं, तरी पाय तसाच. मॅडमनी वॉकर आणून दिला. जानकी म्हणाली, "नाव ह्याचं वॉकर, आणि चालायचं मी?" आणि त्याच्यावर ओली लुगडी वाळत घातली.

मॅडमनी मला अंगणात बाजूला घेतलं. शेजारची काशी तिथेच लाकडं फोडत होती, तिचे कान आमच्याकडेच.

"बाबा, पायात ताकद आलीय. आजींना मोटिव्हेशन नाहीये."

"ते कुठल्या मेडिकलवर मिळेल?"

"मेडिकलवर नाही मिळत. ज्याच्यासाठी माणूस आपणहून उठतो, ते मोटिव्हेशन."

मी सगळं करून बघितलं. विवळवेढ्याच्या जत्रेला नेतो म्हटलं, पाळण्यात बसवतो म्हटलं. "तुम्हीच बसा," म्हणाली. पोराने वापीवरून साडी पाठवली. तिने बसल्याबसल्या घडी मोडली आणि बसल्याबसल्या पुन्हा घातली.

मग एका सकाळी मी चुलीपुढे फुंकर घालत होतो. बाहेरून जानकीची आरोळी आली, "अगं ए मेले!"

धावत आलो. जानकीने लावलेला वालाचा वेल कुंपणावर चढवलेला होता. काशीची शेळी दोन पाय कुंपणावर टाकून तो शेंगांसकट ओढत होती. आणि खाट रिकामी!

जानकी अंगणात होती. एका हातात झाडू, दुसरा हात मोकळा, डावा पाय फरफटत, पण चालत! शेळी पळाली. जानकी थांबली नाही. कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली आणि काशीच्या दारात उभी राहून म्हणाली, "काशे! शेळी पाळता येत नाही तर कापून खा!"

काशी दारातच उभी. उलट बोलायचं सोडून नुसती जानकीच्या पायांकडे बघत राहिली. मग जानकीनेही खाली बघितलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "आता परत कशी जाऊ?"

दोघी उंबऱ्यावर बसल्या. एक रडत होती, एक हसत होती. कोण काय करत होती, ते मला लांबून नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुंपणापलीकडून हाक आली. बघतो तर काशी, हातात शेळीचं दावं.

"दादा, वहिनीचं मोटिव्हेशन आत्ता सोडू, का चहा झाल्यावर?"