आईनं दाखवलेली माशी

निजामाच्या राजवटीत आमच्या धारूरकडं पोरींची नाकं सोनारच टोचायचा. मला त्याची लई धास्ती. आईनं शब्द दिलता, "यंदा न्हाई गं टोचायचं." म्हणून सोनार ओसरीवर आला तरी मी तिच्या मांडीवर निवांत बसले.

आई म्हणली, "बाई, गुळावरची ती माशी बघ. झटक्यानं हात नेला की वाऱ्यानंच तिला कळतं. सावकाश नेला तर उडत न्हाई."

तिचा हात हळूहळू पुढं सरकला. मी श्वास रोखून बघत होते. तेवढ्यात तोच हात माझ्या कपाळावर घट्ट बसला अन् सोनाराची तार नाकात शिरली.

"झालं की गं, रडती कशाला!" सोनार हसला.

दुखणं दोन दिवसात गेलं. पण पुढं आईनं मायेनं जरी हात उचलला, तरी मी आधी मान मागं घ्यायचे.