फर्स्ट शिफ्ट सुटेपर्यंत

कासारवाडीच्या शोरूममध्ये माझ्या नव्या गाडीचे कागद अडकले होते, म्हणून मी सकाळपासून चिडून बसलो होतो. शेजारच्या गाडीचं मात्र सगळं झालं होतं. हार घातलेला, चाकांखाली लिंबं ठेवलेली. तरी तिचा मालक किल्ली घेईना. रुमालानं बॉनेट पुसत नुसता उभा.

सेल्समन कंटाळला. "सर, अजून किती वेळ?"

"फर्स्ट शिफ्ट सुटू दे की, भाऊ. आमच्याच लाइनवरची गाडी हाय. मी एकट्यानं थोडीच बनवलीय?"

दुपारी चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यातून त्याचे सोबती आले, कंपनीच्या कपड्यांतच. फोटोसाठी कुणी कुठं उभं राहायचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दरवाजे बसवणारा दरवाजापाशी गेला, चाकं बसवणारा चाकाशी टेकला, एकानं काचेवर तळहात ठेवला. हा स्वतः बॉनेटपाशी उभा राहिला आणि मगच त्यानं किल्ली घेतली.

तेवढ्यात माझेही कागद आले. माझं मॉडेल तेच होतं. मी एकटाच किल्ली घेऊन निघालो, तर हा आडवा आला. माझ्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, "ही पण आमचीच हाय, दादा. जपून चालवा."