देवळाआधीचा ‘द’

अंबरनाथ पश्चिमेला मार्था टीचरांच्या घरी आमचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास भरायचा. शिकणारे सगळे पोराबाळांचे आईबाप! इंग्लिश किती आलं ते सोडा, पण आम्ही चहाला भेटलो की किस्से काही संपत नाहीत. नुसत्या इंग्लिशमधल्या ‘द’चेच ढीगभर निघतील.

पहिल्याच आठवड्यात टीचरांनी समजावलं, "प्रार्थनेला गेलात तर ‘गो टू चर्च’. नळ दुरुस्त करायला गेलात तर ‘गो टू द चर्च’. टेंपलला मात्र कायम ‘द’."

उल्हासनगरचे लछमनभाई, कापडाचे व्यापारी, मालाच्या टेम्पोतूनच क्लासला यायचे. ते ताडकन उठले. "ये तो गलत है टीचर! चर्चला सूट आणि मंदिरावर टॅक्स?"

टीचर इतक्या हसल्या की क्लास तिथेच सुटला!

*

मी आनंदनगरला कंपनीत सुपरवायझर. एकदा परदेशी साहेबांना शिवमंदिर दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘द’ राहायला नको म्हणून मी दारातच म्हणालो, "सर, द शूज, द आउटसाइड!"

साहेबांनी निमूट बूट काढले.

क्लासमध्ये हे सांगितलं तेव्हा टीचर म्हणाल्या, "एक ‘द’ जास्त झाला."

"पण टीचर, बूट निघाले ना!"

*

आमच्या क्लासमधल्या, नदीकाठच्या मांजर्लीच्या संगीताताईंचा रिसेप्शनिस्टचा इंटरव्ह्यू होता. मिस्टर रंगकाम करतात, एकट्याच्या कमाईवर घर चालेना. रविवारी काय करता, असं इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"आय गो टू द चर्च."

"ओह, टू प्रे?"

"नो सर. माय हजबंड पेंट्स. आय होल्ड लॅडर!"

नोकरी मिळाली! ताई पेढे घेऊन घरी जायच्या आधी टीचरांकडे आल्या. टीचरांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "होल्ड *द* लॅडर."

अशी एकही चूक त्यांनी कधी सोडली नाही. म्हणून तर आम्ही चार लोकांत तोंड उघडायला लागलो.

*

त्या पावसाळ्यात मांजर्लीत पाणी शिरलं. संगीताताईंचा फोन सकाळपासून बंद. संध्याकाळी क्लासला जमलो, पण पुस्तक कोणी उघडलंच नाही. टीचर सारख्या नंबर लावत होत्या.

अखेर फोन लागला. टीचरांनी स्पीकर लावला.

"टीचर, वी ऑल सेफ! वी आर इन टेंपल!"

आम्ही सगळे टीचरांकडे बघायला लागलो. टीचर मटकन खुर्चीत बसल्या.

"थँक गॉड!"

लछमनभाईंनी हळूच विचारलं, "टीचर, गॉड को ‘द’ नहीं लगता?"

"नाही लागत," टीचर डोळे पुसत म्हणाल्या. "तुमचा टेम्पो काढा, त्यांना घेऊन येऊ!"