सोजराबाईंनी पट्टी बदलली

"न्हाई म्हंजे न्हाई! पोरगी म्या आज घिऊनच जानार!"

"अहो सखूबाई, अर्धं पीठ मळून झालंय आणि तुम्ही परातच उचलताय!"

"मळता मळता पीठच नासलं, बाई. घसा बगा तिचा. फुटक्या मडक्यावानी वाजतोय."

सोजराबाईंनी तंबोरा खाली ठेवला. छत्तीस सालच्या त्या भोरात त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. सोजराबाई म्हणजे किकवीच्या शेतकऱ्याची लेक. नवरा गेल्यावर पुण्यात एका खाँसाहेबांकडे तेरा वर्षं शिकली आणि पुढं आगबोटीनं रंगूनला, झांजिबारला, नैरोबीला गाऊन आली. नैरोबीत रेल्वेतल्या मराठी कारकुनांनी खोक्यांवर फळ्या टाकून बैठक मांडली होती. ऐन रंगात एक फळी खचली, तर बाई तशाच तिरक्या बसून तासभर गायल्या. आता पन्नाशी उलटल्यावर नीरेकाठच्या घरात त्या चार पोरींना शिकवत. त्यांतली भामा डोंगरावरच्या धनगरवस्तीतली, सखूबाईची लेक. वर्षभर बाईंच्याच घरी राहत होती. आपलं गाणं पुढं नेणार ती हीच, असं बाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं. आणि आज आई तिला न्यायला आली होती.

"गळा कसा तयार होतो ते मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. "समुद्रापार गायलेय मी."

"तिकडं मेंढरं हुती का?"

"मेंढरांचा इथं काय संबंध?"

"भामी दिवाळीला घरी आलीती. मेंढरं वढ्यापल्याड पांगली, म्हनलं दे हाळी. हिनं दिली, तर एका मेंढरानं मान वर केली न्हाई! आदी हिच्या हाळीला अख्खा कळप वळायचा. परक्या बाईचा आवाज वाटला त्यास्नी."

कोपऱ्यात भामा हसू दाबत होती. बाईंना मात्र हसू आलं नाही. खाँसाहेबांच्या घरची रीत एकच होती, गुरूची पट्टी तीच शिष्याची. खाँसाहेब खालच्या पुरुषी सुरात गात. बाईंचा आवाज मुळात जाड, तो तिथं सुखानं बसला. तीच रीत त्यांनी इथं चालवली. वर्षभर हे पोर त्यांच्या सुराखाली वाकून गात होतं.

"भामे, अंगणात जा. हाळी दे. माझ्यासारखी नको, डोंगरावर द्यायचीस तशी."

"हितं? बाई, लोक हसतील."

"हसू देत. हसायला तिकीट नाही."

"येऽऽ ये ये येऽऽ!"

शेजारच्या अंबूबाई हातातल्या सुपासकट धावत आल्या. "काय गं, लांडगा आला का?"

बाई तोवर पेटीवर तो सूर शोधत होत्या. सापडला तो काळी चारच्या पट्टीत, त्यांच्या सुराच्या कितीतरी वर. त्यांनी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या. एक तार फाडकन तुटली. बाईंनी पातळ तार चढवली आणि भामाला पाठीमागं न बसवता समोर घेतलं.

भामानं सा लावला. खरखर नाही, ओढाताण नाही. सूर दारातून ऊन यावं तसा आपसूक आत आला.

सवयीनं साथ द्यायला बाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांचा गळा आता तिथवर पोचत नव्हता. यापुढं हिला गाऊन दाखवणं नाही, नुसतं सांगून शिकवायचं. वाईट वाटायला हवं होतं खरं तर. पण बाई मांडी ठोकून, मान डोलवत ऐकत बसल्या, एखाद्या बैठकीला लवकर येऊन पुढची जागा पटकावलेल्या माणसासारख्या.

"चूक माझीच, सखूबाई," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं गायले, पण हे तुमच्या मेंढरांना आधी कळलं. आता सांगा, नेताय का हिला?"

सखूबाईनं लेकीकडं पाहिलं. भामा डोळे मिटून गात होती. आई समोर उभी आहे याचंसुद्धा तिला भान नव्हतं.

सखूबाईनं वाटेसाठी आणलेलं भाकरीचं गठुडं तिच्याशेजारी ठेवलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि एकटीच बाहेर पडली.